अणू एकत्र कशाने राहतात?

१९२७ साली ‘नेचर’ या इंग्रजी विज्ञान साप्ताहिकात हेन्री आर्मस्ट्राँग यांचे एक संतापलेले पत्र छापून आले. आर्मस्ट्राँग तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते आणि ब्रिटिश रसायनशास्त्रात त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांची तक्रार होती साध्या मिठाबद्दल. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या स्फटिकाची आतली रचना उलगडली होती. सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू अशी स्वतंत्र जोडी, म्हणजे ‘मिठाचा रेणू’, त्यांना त्या स्फटिकात कुठेही सापडली नाही. बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक मांडलेले होते. फरक एवढाच, की ही मांडणी वर-खाली, पुढे-मागे, सगळीकडे पसरली होती. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. यातला कोणता क्लोरीन कोणत्या सोडियमचा, हे सांगण्याची सोयच नव्हती.

ज्या शास्त्राची इमारत शंभर वर्षे रेणू या कल्पनेवर उभी होती, त्यातल्या एका ज्येष्ठाला हे पटणे अवघड होते. पण ब्रॅग पितापुत्रांचेच बरोबर होते. स्वयंपाकघरातल्या मिठात रेणू नसतात. मग त्या स्फटिकाला धरून कोण ठेवते? आणि पाण्यात, लोखंडात, हिऱ्यात, आपल्या शरीरात अणूंना एकत्र बांधणारे जे काही आहे ते हेच आहे, की दर ठिकाणी निराळे?

पाठ्यपुस्तकात रासायनिक बंधांचे प्रकार वेगवेगळ्या कप्प्यांसारखे येतात: आयनिक बंध, सहसंयुज बंध, धातू बंध, हायड्रोजन बंध. परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची असते. मात्र या साऱ्यांच्या मुळाशी एकच बल आहे, ते म्हणजे विद्युतबल. अणूच्या केंद्रकावर धन प्रभार असतो, इलेक्ट्रॉनांवर ऋण प्रभार असतो आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. दोन अणू जवळ आले की त्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन कुठे स्थिरावतात, यावरून बंधाचा प्रकार ठरतो. म्हणून कोणत्याही पदार्थाकडे पाहताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: इलेक्ट्रॉन कुठे आहेत?

मिठाचा हिशेब

मिठात ते क्लोरीनकडे आहेत. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तर क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात असतात. सोडियमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की सोडियम धन आयन होतो, क्लोरीन ऋण आयन होतो आणि दोघांच्याही बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉनांचे अष्टक पूर्ण झालेले असते. १९१६ साली जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी आयनांच्या निर्मितीचे हे स्पष्टीकरण मांडले.

इथे एक गैरसमज हमखास होतो. सोडियमला इलेक्ट्रॉन नकोसा असतो आणि तो आनंदाने देऊन टाकतो, असे आपल्याला सांगितले जाते. आकडे निराळे बोलतात. सुट्या सोडियमच्या अणूंमधून एक-एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. (मोल हे अणूंच्या एका ठरावीक संख्येचे माप आहे, मिठाचा एक मोल म्हणजे सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ.) तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला मिळाल्यावर परत येते ती ऊर्जा सुमारे ३४९ किलोज्यूल. म्हणजे निव्वळ देवाणघेवाणीत जवळपास दीडशे किलोज्यूलचा तोटाच आहे. हा तोटा भरून निघतो तो आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा. एक मोल सुटे आयन स्फटिकात बसताना सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मीठ टिकून आहे ते या रचनेमुळे. एकेका जोडीच्या अष्टकाने ते टिकले नसते. आर्मस्ट्राँग यांना खटकलेली ती एकाआड एक मांडणी म्हणजेच आयनिक बंधाचे खरे सामर्थ्य आहे.

एवढे कळले की मिठाचे सगळे गुण ओळीने उलगडतात. प्रत्येक आयन चहूबाजूंनी ओढला गेल्यामुळे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सियस तापमान लागते. शुद्ध सोडियम धातू मात्र ९८ अंशांनाच वितळतो. घन मिठात आयन जागचे हलत नाहीत, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. वितळलेल्या मिठात आणि मिठाच्या पाण्यात ते मोकळे होतात आणि वीज वाहू लागते. वितळलेल्या आयनिक पदार्थातून वीज सोडूनच हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली दाहक सोड्यातून सोडियम प्रथम वेगळा केला. पेण-उरणच्या मिठागरांतल्या जाड्या मिठाचा खडा बत्त्याने ठेचला की तो चेपला जात नाही, सपाट कडांनी फुटतो. त्याचेही कारण हेच. आघाताने आयनांचा एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो. क्षणापूर्वी ओढणारे थर आता एकमेकांना लोटतात आणि खडा तिथेच दुभंगतो.

दोघांच्या मधली जोडी

आता हायड्रोजन वायूचे दोन अणू घेऊ. दोघेही अगदी सारखे. एकाने दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून न्यावा असे कोणतेही कारण नाही, तरीही ते घट्ट जोडलेले असतात. कोसेल यांच्या स्पष्टीकरणाला इथे जागा नव्हती. कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी त्याच १९१६ साली याचे उत्तर दिले: दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. रसायनाच्या पुस्तकात आपण दोन अणूंमध्ये जी रेघ काढतो, ती म्हणजे ही जोडी. तीन वर्षांनी अर्व्हिंग लँगम्युर यांनी या बंधाला जे इंग्रजी नाव दिले, त्यालाच आपण मराठीत सहसंयुज बंध म्हणतो.

लुईस यांची ही कल्पना अंतःप्रेरणेतून आली होती. ऋण प्रभाराचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटत असताना जोडीने का राहतात, हे त्या वेळच्या भौतिकशास्त्राला सांगता येत नव्हते. पुढे पुंजयांत्रिकी उभी राहिली आणि १९२७ साली वाल्टर हाइटलर व फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडून दाखवले. परस्परविरुद्ध फिरकीचे दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत अधिक दाटीने असू शकतात. तिथे त्यांना एकाच वेळी दोन्ही केंद्रके ओढतात आणि साऱ्या व्यवस्थेची ऊर्जा उतरते. म्हणजे ‘सामाईक’ बंधाच्या मुळाशीही तेच विद्युतबल आहे. फक्त इलेक्ट्रॉनांची जागा आता दोघांच्या मध्ये आहे. हायड्रोजनचा हा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या अणूंमध्ये दोन जोड्या सामाईक असतात, तो बंध तोडायला ४९८ लागतात. नायट्रोजनमध्ये तीन जोड्या आहेत आणि तिथे आकडा ९४५ वर जातो.

कापूर आणि हिरा

सहसंयुज बंधाचे पदार्थ मऊ असतात, लवकर वितळतात, असे वाक्य अनेक वह्यांत लिहिलेले असते. कापराला ते लागू पडते. उघडा ठेवलेला कापूर न वितळताच हळूहळू हवेत विरून जातो. आता हिरा घ्या. त्यातले सगळे बंध सहसंयुजच आहेत आणि तरी तो निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक आहे. मग चूक कुठे झाली?

कापूर उडतो तेव्हा कोणताही सहसंयुज बंध तुटत नाही. कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा एक, असा त्याचा रेणू अख्खाच्या अख्खा वडीतून सुटून हवेत जातो आणि आपल्या नाकापर्यंत पोहोचतो. वास येतो तो न तुटलेल्या रेणूचा. सुटते ती रेणू आणि रेणू यांच्यामधली हलकी ओढ. आरतीत कापूर पेटवला की मात्र रेणूच्या आतले बंध तुटतात आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हिऱ्यात वेगळे सुटणारे रेणूच नसतात. प्रत्येक कार्बन शेजारच्या चार कार्बन अणूंशी जोडलेला असतो आणि ही जाळी खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असते. हिऱ्यावर ओरखडा काढायचा तर सहसंयुज बंधच तोडावे लागतात. म्हणून हिऱ्याला पैलू पाडायला हिऱ्याचीच भुकटी वापरतात.

त्याच कार्बनचे दुसरे रूप म्हणजे ग्रॅफाइट. तिथे प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांशी जोडलेला असतो, त्यामुळे षटकोनांचे सपाट थर तयार होतात. थरातल्या दोन कार्बन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, तर दोन थरांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर. थराच्या आतला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षाही आखूड आणि घट्ट असतो, पण थराथरांमधली ओढ इतकी हलकी असते की पेन्सिल फिरवताच ते सरकून कागदावर उतरतात. प्रत्येक अणूचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते. जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये मधोमध असणारी काळी कांडी कार्बनचीच असते. हिरा आणि पेन्सिलीचे शिसे यांच्यात मूलद्रव्य एकच आहे, फरक आहे तो फक्त बंधांच्या मांडणीचा.

कप्प्यांच्या मधली जागा

इलेक्ट्रॉन पूर्णपणे एकाकडे, किंवा अगदी बरोबर दोघांच्या मध्ये, ही दोन टोके झाली. बहुतेक बंध त्यांच्या अधेमध्ये असतात. ही मधली जागा मोजण्याची रीत लिनस पॉलिंग यांनी १९३२ साली दिली. बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता म्हणजे विद्युतऋणता. पॉलिंग यांच्या मोजपट्टीवर आज फ्लोरिन सर्वांत वर, ३.९८ वर आहे. त्याखाली ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० आणि बरेच खाली सोडियम ०.९३. दोन अणूंच्या आकड्यांतला फरक जितका मोठा, तितका बंध आयनिकतेकडे झुकलेला. सोडियम-क्लोरीनमध्ये फरक २.२३ आहे, ऑक्सिजन-हायड्रोजनमध्ये १.२४, तर कार्बन-हायड्रोजनमध्ये अवघा ०.३५.

त्यामुळे ‘धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक बंध’ हा पाठ केलेला नियम जपून वापरायला हवा. ॲल्युमिनियम धातू आहे, पण त्याचे क्लोराइड १८० अंशांच्या आसपासच वाफ होऊन उडते. कथिलाचा एक अणू आणि क्लोरीनचे चार अणू यांपासून झालेले क्लोराइड तर खोलीच्या तापमानाला चक्क द्रव असते. मिठाची सर या दोघांनाही नाही, कारण त्यांच्या बंधांत इलेक्ट्रॉन बऱ्याच अंशी सामाईक राहिले आहेत. एकाच पदार्थात दोन तऱ्हेचे बंध असणेही नेहमीचेच. चुनखडीत कॅल्शियमचे आयन आणि कार्बोनेटचे आयन यांच्यात आयनिक ओढ असते, पण कार्बोनेटच्या आत कार्बन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. चुन्याच्या भट्टीत हे आतले बंध तुटतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे उरतो.

अष्टकाचा नियमही असाच एक उपयुक्त आडाखा आहे. ज्यांचे अष्टक आधीच पूर्ण असते ते निष्क्रिय वायू कुणाशीही बंध जोडत नाहीत, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवले आणि पुस्तकांतले ते वाक्य बदलावे लागले.

तांबे का फुटत नाही

पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे हजारो ठोके देऊन घंगाळे, बंब, हंडे घडवले गेले. भांड्यावर ओळीने उमटवलेले ठोके म्हणजे तिथले नावाजलेले मठारकाम. त्यातला एक ठोका मिठाच्या खड्यावर पडला तर खड्याचा चुरा होईल. तांबे मात्र पसरते, वाकते, आकार घेते.

धातूच्या अणूंची आपल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर पकड सैल असते. लाखो-करोडो अणू एकत्र आले की हे इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे उरत नाहीत, सगळ्या तुकड्यात फिरतात. मागे राहिलेले धन आयन या फिरत्या इलेक्ट्रॉनांमुळे एकत्र धरलेले असतात. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तीन वर्षे होतात न होतात तोच, १९०० साली, पॉल ड्रूड यांनी धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ही कल्पना मांडली होती. हातोडीने अणूंचा थर सरकला तरी त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतातच. कुणासमोर कोण आले याने फरक पडत नाही, म्हणून बंध तुटण्याऐवजी नव्या जागी तसाच राहतो. धातूंची वर्धनीयता आणि तन्यता यातूनच येते, आणि तांब्याच्या तारेतून वीज सहज वाहते तीही यामुळेच.

ठोके देत राहिले की तांबे कडक होते, हा कारागिरांचा रोजचा अनुभव आहे. थर सरकताना स्फटिकाच्या रचनेत दोष साठत जातात, ते एकमेकांत अडकतात आणि पुढचे सरकणे अवघड होते. मग भांडे भट्टीत तापवतात. उष्णतेने अणूंना पुन्हा नीट रचून बसायला वाव मिळतो आणि तांबे परत मऊ होते.

धातू बंधात अणूंचे ठरावीक प्रमाण बांधलेले नसते, म्हणून तांब्यात जस्त कमी-अधिक मिसळून पितळ करता येते आणि कथिल मिसळून कासे. मिठात मात्र सोडियम दीडपट घालता येत नाही. धातू बंध सगळीकडे सारखाच बळकट असतो असेही नाही. पारा उणे ३९ अंशांना वितळतो, तांबे १०८५ अंशांना आणि टंगस्टन ३४२२ अंशांना.

दुबळे, पण निर्णायक

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढतो. त्यामुळे हायड्रोजनच्या टोकांवर थोडा धन प्रभार उरतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. लुईस यांच्याच विभागातल्या वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश यांनी १९२० साली तो पाण्याच्या संदर्भात मांडला. पाण्यात त्याची ताकद मोलमागे वीसएक किलोज्यूल असते, म्हणजे रेणूच्या आतल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी.

पण त्याचा परिणाम पाहा. ऑक्सिजनच्याच गटातल्या गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड हे संयुग पाण्याहून जड असूनही उणे ६० अंशांना उकळते. हायड्रोजन बंध नसते तर पाणीही पृथ्वीवर वायूरूपातच असते. बर्फात याच बंधांमुळे रेणू मोकळ्या, पोकळ जाळीत बसतात, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो आणि थंड देशांत तळ्यांच्या पृष्ठावर बर्फ गोठला तरी खाली मासे जगतात. सुती कापडाला इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो, तेही याच बंधांसाठी. सुतातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आणि उष्णता त्यांना सैल करतात, साखळ्या सरळ होतात आणि कापड वाळताना त्याच स्थितीत पुन्हा बांधल्या जातात. आपल्या पेशींतल्या डीएनएचे दोन धागेही हायड्रोजन बंधांनीच जुळलेले असतात, एका तऱ्हेच्या जोडीत दोन आणि दुसरीत तीन. प्रत्येक धागा आतून सहसंयुज बंधांनी मजबूत असतो, पण दोन धागे उलगडता यावेत एवढीच त्यांच्यामधली पकड असते. ती याहून घट्ट असती तर पेशीला आपली माहिती वाचताच आली नसती.

याहूनही हलकी ओढ सगळ्याच रेणूंमध्ये असते. इलेक्ट्रॉन सतत हलते असतात, त्यामुळे रेणूची एक बाजू क्षणभर किंचित ऋण होते आणि शेजाऱ्यातही तसाच असमतोल उमटतो. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली या ओढीचे गणित मांडले. व्हॅन डर वाल्स बलांपैकी ही एक. रेणू जितका मोठा तितकी ती जास्त. कार्बन आणि हायड्रोजन यांच्याच साखळ्या पाहा: तीन-चार कार्बनांच्या साखळ्या म्हणजे सिलिंडरमधला गॅस, आठेक कार्बनांच्या म्हणजे पेट्रोल आणि वीस-तीस कार्बनांच्या म्हणजे मेण. पाल गुळगुळीत छतावर उलटी चालते ती याच बलावर. तिच्या बोटांवरच्या असंख्य सूक्ष्म केसांची टोके पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की या क्षीण ओढींची बेरीज तिचे वजन पेलते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली गेको पालींवर प्रयोग करून हे दाखवून दिले.

बंध तोडण्याची किंमत

इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो उलटा आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्चावी लागते आणि बंध जुळताना ती मिळते. हायड्रोजन जळताना दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजनचे बंध तोडायला सुमारे १३७० किलोज्यूल लागतात. पाण्याचे चार मोल नवे बंध जुळताना सुमारे १८५० मिळतात. जो फरक उरतो तीच ज्वालेची उष्णता. गॅस पेटवायला ठिणगी लागते, कारण पहिले काही बंध तोडण्याची रक्कम आधी भरावी लागते.

ही रक्कम माणसाला सर्वांत महाग पडली ती नायट्रोजनच्या बाबतीत. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे, तरी पिकाला तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या तीन जोड्यांचा बंध सुटत नाही. हायड्रोजनशी संयोग होऊन अमोनिया बनताना शेवटी ऊर्जा बाहेरच पडते. अडचण सुरुवातीच्या चढाची आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हा मार्ग प्रयोगशाळेत दाखवला, कार्ल बॉश यांनी त्याचे यंत्र उभारले आणि १९१३ साली जर्मनीतल्या ओपाऊ इथे कारखाना सुरू झाला. आज तुर्भे आणि अलिबागजवळच्या थळ इथल्या खत कारखान्यांत युरियासाठी लागणारा अमोनिया बनतो तो त्याच मार्गाने: लोहयुक्त उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शे-दोनशे पट दाब.

शेतात तूर, हरभरा किंवा भुईमुगाचे रोप उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतले रायझोबियम जिवाणू हाच बंध मातीच्या तापमानाला, साध्या दाबाखाली तोडतात. त्यांच्याजवळ लोह आणि मॉलिब्डेनम असलेले एक विकर असते. वनस्पतीकडून मिळालेली बरीच ऊर्जा खर्च करून ते विकर नायट्रोजनला टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन पुरवते आणि त्या तीन जोड्या एकेक करून सैल होत जातात. कारखान्यातही आणि गाठीतही धातूच्या अणूंनी केलेले काम मुळात एकच आहे: नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन त्यांच्या जागेवरून थोडे हलवणे. इलेक्ट्रॉनांची जागा ज्याला बदलता येते, त्याच्या हाती पदार्थाचे गुण येतात. औषधे, खते, प्लास्टिक, बॅटऱ्या, रसायनशास्त्राची ही सारी कमाई याच कौशल्याची आहे. ते साधणाऱ्या पदार्थांना उत्प्रेरक म्हणतात, आणि पुढचे प्रकरण त्यांच्याविषयीच आहे.